जुनी अवजारे, नवी भाषा : युनिक्स परंपरेतील साधन-आज्ञावलींच्या पुनर्लेखनाचा इतिहास (१९७३ ते २०२५)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात मोठी यंत्रे, मोठ्या कंपन्या आणि त्यांचे संस्थापक यांना जेवढी जागा मिळते, तेवढी लहान आज्ञावलींना मिळत नाही. फाइलींची यादी दाखविणारी ‘एलएस’, प्रत करणारी ‘सीपी’, ओळी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’, दिनांक सांगणारी ‘डेट’ अशा शंभराच्या आसपास छोट्या आज्ञावली लिनक्ससारख्या प्रत्येक युनिक्सकुलीन कार्यप्रणालीबरोबर येतात. माणूस त्यांचा प्रत्यक्ष वापर क्वचितच करतो. परंतु रात्रीच्या वेळी आपोआप चालणारी कामे, नव्या आज्ञावलींची स्थापना, सुरक्षाविषयक अद्ययावतीकरण हे सारे त्यांच्याच आधाराने चालते. घराच्या पायातील दगडांकडे पाहुण्याचे लक्ष जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

९ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या उबुंटू २५.१० या आवृत्तीत हे दगड बदलण्यात आले. सी भाषेत लिहिलेला, अनेक दशके वापरात असलेला ‘ग्नू कोअरयुटिल्स’ हा संच बाजूला ठेवून त्याच्या जागी रस्ट या नव्या भाषेत लिहिलेला ‘यूयुटिल्स’ हा संच मूळ निवड म्हणून देण्यात आला. सामान्य वापरकर्त्याला तात्पुरते सर्वाधिकार देणाऱ्या ‘सुडो’ या आज्ञावलीच्या जागीही ‘सुडो-आरएस’ हे तिचे रस्टमधील रूप आले. जुना संच परत बसविण्याची सोय ठेवलेली होती. तरीही या निर्णयावर मोठा वाद झाला आणि तो बहुतेक वेळा ‘सी विरुद्ध रस्ट’ अशा स्वरूपात मांडला गेला.

ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. मूलभूत साधनांचे पुनर्लेखन ही युनिक्स परंपरेतील जुनीच घटना आहे. आजवरच्या पुनर्लेखनांचे यशापयश पाहिले, तर ते भाषेच्या गुणांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर अधिक अवलंबून होते असे दिसते. जुन्या आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचे अलिखित ज्ञान नव्या लेखकांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, ही ती गोष्ट होय. शिवाय भाषेच्या नावाखाली चाललेल्या वादात परवान्याचा आणि देखभालीच्या खर्चाचा असे आणखी दोन वाद मिसळलेले आहेत.

असेंब्लीकडून सी भाषेकडे

युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती प्रथम पीडीपी-७ या लहान संगणकासाठी असेंब्ली भाषेत, म्हणजे त्या विशिष्ट यंत्राच्या आज्ञांच्या भाषेत लिहिली. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आले आणि सारे पुन्हा लिहावे लागले. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या पहिल्या हस्तपुस्तिकेत प्रत्येक साधनाच्या वर्णनाखाली ‘दोष’ असे एक स्वतंत्र शीर्षक आढळते. लेखकांनी आपल्याच आज्ञावलीतील उणिवा तेथे नोंदवून ठेवल्या आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने ही लहान बाब नाही. साधनाचे उणे वर्तन हादेखील त्याच्या ओळखीचा भाग आहे, हे त्या मंडळींनी आरंभीच मान्य केले होते.

१९७२ मध्ये थॉम्पसन यांनी प्रणालीचा गाभा तेव्हा बाल्यावस्थेत असलेल्या सी भाषेत लिहून पाहिला आणि तो प्रयत्न सोडून दिला. संबंधित माहिती एकत्र बांधून ठेवण्याची ‘स्ट्रक्चर’ ही सोय तेव्हा भाषेत नव्हती. ती आल्यानंतर १९७३ च्या उन्हाळ्यात गाभ्याचे पुनर्लेखन पूर्ण झाले. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, पुनर्लेखनाने प्रणालीला जसे बदलले तसे भाषेलाही घडविले. अपयशी प्रयत्नाने भाषेतील उणीव उघड केली. दुसरी गोष्ट खर्चाची. रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुप्रसिद्ध निबंधात नवी प्रणाली जुनीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठी झाल्याचे स्वच्छ सांगितले आहे. समजण्यास आणि बदलण्यास ती सोपी झाली, तिच्यात नव्या सोयीही आल्या. म्हणून ही वाढ त्यांनी स्वीकारली. मेमरी अतिशय महाग असलेल्या काळात हा निर्णय धाडसाचा होता. पुढे १९७७ च्या सुमारास युनिक्स इंटरडेटासारख्या अगदी वेगळ्या यंत्रांवर नेता आली, ती याच निर्णयामुळे.

‘चालते आहे ते का मोडावे’ असा आज जो प्रश्न विचारला जातो, तो १९७३ मध्येही विचारता आला असता. फरक इतकाच की, जुने लिहिणारे आणि नवे लिहिणारे हात तेच होते. प्रत्येक ओळ तशी का लिहिली, याचे उत्तर शोधण्यासाठी कोणाला दूर जावे लागले नाही. ही परिस्थिती पुढे पुन्हा कधी आली नाही.

वर्तन गोठते तेव्हा

१९७३ मध्येच डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये ‘पाइप’ आले. एका साधनाचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती देता येऊ लागले. साधने लहान ठेवावीत आणि जोडून वापरावीत, ही युनिक्सची प्रसिद्ध विचारसरणी यातून आकाराला आली. तिचा एक परिणाम मात्र फारसा सांगितला जात नाही. आज्ञावलीचे उत्तर माणूस वाचतो तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तरी चालते. ते दुसरी आज्ञावली वाचते तेव्हा एका रिकाम्या जागेनेही काम बिघडते. उत्तराची मांडणी, चुकीच्या वेळी परत येणारा संकेत, पर्यायांची अक्षरे हे सारे एक अलिखित करार बनून राहते.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये रचलेल्या ‘मेक’ या साधनाची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात आज्ञेच्या ओळीच्या आरंभी ‘टॅब’ हे चिन्ह आवश्यक होते आणि ते डोळ्यांना रिकाम्या जागेहून वेगळे दिसत नसल्याने चुका होत. ही रचना सदोष आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले. पण तोवर सुमारे डझनभर सहकारी ते साधन वापरू लागले होते आणि त्यांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी बदल केला नाही. त्या डझनभरांसाठी राखलेली चूक पुढे जगभरच्या प्रोग्रामरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा अनुभव असलेल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. लेखनिकाची चूकही परंपरेत रुळली की तिला पाठाचे स्थान मिळते.

१९९२ मध्ये ‘पॉझिक्स’ या प्रमाणकाने साधनांचे अपेक्षित वर्तन लेखी स्वरूपात बांधून दिले. परंतु प्रमाणक जे सांगतो त्यापेक्षा जे सांगत नाही ते पुष्कळ अधिक असते.

ग्नू : न पाहता केलेले पुनर्लेखन

१९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार बेल प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीला दूरसंचाराबाहेरचा व्यवसाय करण्यास बंदी होती. त्यामुळे युनिक्सची मूळ संहिता विद्यापीठांना अल्प दरात मिळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संपूर्ण संहिता आणि तिच्यावरील भाष्य असे दोन खंड १९७६-७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केले. १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या परवान्याने संहितेचा वर्गातील वापरच बंद केला. लायन्स यांचे भाष्य मग छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले. अँड्र्यू टॅनेनबॉम यांना १९८७ मध्ये ‘मिनिक्स’ ही शिकविण्यापुरती स्वतंत्र प्रणाली लिहावी लागली, त्याचे कारणही हेच. संहिता वाचावयास मिळणे हा केवळ व्यापाराचा नव्हे, अध्यापनाचाही प्रश्न आहे, हे महाविद्यालयीन शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्सशी सुसंगत, पण कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली उभारणे हा त्यामागील हेतू होता. युनिक्सची साधने एकामागून एक नव्याने लिहिली गेली. डेव्हिड मॅकेंझी, जिम मायरिंग आदींच्या हातून घडलेले हे काम प्रथम तीन वेगळ्या संचांत होते. २००३ मध्ये ते ‘कोअरयुटिल्स’ या नावाने एकत्र आले. आज ज्याला ‘प्रस्थापित’ म्हणून वाचविण्याची भाषा केली जाते तो संच स्वतःच एक पुनर्लेखन आहे, हे वादाच्या भरात पुष्कळदा विसरले जाते.

हे पुनर्लेखन भाषा बदलण्यासाठी नव्हते. जुनी साधने सी मध्ये होती आणि नवीही सी मध्येच लिहिली गेली. बदलावयाची होती ती मालकी. म्हणूनच ग्नूच्या लेखनसंकेतांत प्रोग्रामरांना दोन सूचना आढळतात. काम करताना युनिक्सची संहिता कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, ही पहिली. रचना मुद्दाम वेगळी ठेवावी, ही दुसरी : युनिक्सने मेमरी वाचविण्याकडे लक्ष दिले असेल तर ग्नूने वेगाकडे द्यावे, ओळीची लांबी अमुक अक्षरांहून अधिक नसावी अशा मनमानी मर्यादा घालू नयेत. पहिली सूचना कायद्याच्या भीतीतून आली होती. दुसरीचा लाभ मात्र अनपेक्षित ठिकाणी झाला.

१९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. तारेवरील खरखरीमुळे मधेच भलतीच अक्षरे घुसत आणि रोजच्या वापरातील साधने कोसळत. यातून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी एक साधा प्रयोग करविला. यादृच्छिक अक्षरांचा मारा साधनांवर करावयाचा आणि कोणती टिकतात ते पाहावयाचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रत्येक युनिक्सवरील २५ ते ३३ टक्के साधने या माऱ्यापुढे कोसळली किंवा अडकून पडली. १९९५ च्या फेरतपासणीत व्यापारी युनिक्सचे अपयशाचे प्रमाण १५ ते ४३ टक्के होते. लिनक्सचे ९ टक्के आणि ग्नू साधनांचे अवघे ७ टक्के.

या आकड्यांचे महत्त्व आजच्या वादात पुरेसे ओळखले गेलेले नाही. भाषा तीच, साधनांची नावे तीच. तरीही नव्याने लिहिलेली साधने पैसे मोजून घेतलेल्या साधनांहून कितीतरी भक्कम ठरली. ठरावीक मापाची मेमरी राखून तिच्यात येईल तेवढे भरत जाणे, ही जुन्या सी लेखनातील सवय ग्नूच्या दुसऱ्या सूचनेने बऱ्याच अंशी मोडली होती. याच सवयीचा गैरफायदा घेऊन २ नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस ‘वर्म’ने ‘फिंगर’ सेवेतून हजारो संगणकांत शिरकाव केला होता. तेव्हा नव्या भाषेनेच सुरक्षा येते असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास अडचणीचा आहे. पुनर्लेखनाने काहीच साधत नाही असे म्हणणाऱ्यांना तर तो त्याहून अडचणीचा आहे.

मधली दोन वळणे

१९९९ मध्ये टॉम क्रिश्चनसेन यांनी युनिक्सची साधने पर्ल भाषेत लिहिण्याचा उपक्रम सुरू केला. जेथे पर्ल चालते तेथे, अगदी विंडोजवरही, ती चालावीत हा हेतू होता. उपक्रम टिकला, पण कोणत्याही मोठ्या प्रणालीने तो पाया म्हणून स्वीकारला नाही.

‘टॉयबॉक्स’चे उदाहरण अधिक बोलके आहे. रॉब लँडली यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा संचही सी भाषेतच आहे. आरंभी तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली होता. हा परवाना बदललेली संहिता वाटणाऱ्यावर ती इतरांस खुली करण्याचे बंधन घालतो. पुढे लँडली यांनी तो जवळजवळ बिनशर्त परवान्याखाली आणला आणि २०१५ मध्ये अँड्रॉइडने आपल्या सहाव्या आवृत्तीत त्याचा अंगीकार केला. जगातील कोट्यवधी भ्रमणध्वनींत साधने बदलली गेली. भाषा बदलली नसल्याने या घटनेवर फारशी चर्चा झाली नाही, ही बाब वादाच्या स्वरूपावर पुरेसा प्रकाश टाकते.

रस्ट आणि नव्या वादाची भूमिका

रस्ट ही भाषा ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रयोग म्हणून आरंभिली. २००९ पासून मोझिला संस्थेने तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. मेमरीचा कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे आणि तो केव्हा सोडला जाईल याची तपासणी आज्ञावली चालण्यापूर्वीच, संकलनाच्या वेळी करणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. सी मध्ये ही जबाबदारी सर्वस्वी लेखकावर असते. ही जबाबदारी किती जड आहे ते आकड्यांवरून दिसते. आपल्या उत्पादनांतील दरवर्षीच्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. गूगलच्या क्रोमियम प्रकल्पानेही २०२० मध्ये तेवढेच प्रमाण सांगितले.

परंतु हे आकडे सगळ्या साधनांना सारखेच लागू पडतात काय? येथे ‘सुडो’ आणि ‘कोअरयुटिल्स’ यांची प्रकरणे वेगळी करून पाहणे आवश्यक आहे.

‘सुडो’ १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो शाखेत जन्मली. ती सर्वाधिकारांनिशी चालते आणि सामान्य वापरकर्त्याने दिलेला मजकूर वाचते; म्हणजे तिच्यातील एक चूक साऱ्या प्रणालीचे दार उघडू शकते. क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी २६ जानेवारी २०२१ रोजी उघड केलेल्या दोषाने ते सिद्धही केले. मर्यादेबाहेर मेमरी लिहिली जाण्याचा हा दोष जुलै २०११ पासून, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे संहितेत होता आणि तो वापरून कोणताही स्थानिक वापरकर्ता संकेतशब्दाशिवाय सर्वाधिकार मिळवू शकत होता. संहिता सर्वांना खुली होती, वाचणारेही होते. तरी दहा वर्षे गेली. ‘सुडो’च्या पुनर्लेखनाचा आग्रह म्हणूनच रास्त मानला पाहिजे. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या संस्थेच्या पुढाकाराने नेदरलँड्स व जर्मनीतील दोन लहान कंपन्यांनी हे काम हाती घेतले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सुडो-आरएस’ची पहिली स्थिर आवृत्ती आली. जुनीतील सर्वच सोयी नव्यात आणावयाच्या नाहीत, हा त्यांचा निर्णय भाषेच्या निवडीइतकाच महत्त्वाचा होता. जी सोय नाही तिच्यात दोष असण्याचा प्रश्न येत नाही.

तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुडो-आरएस’मधील दोन दोष प्रसिद्ध झाले. संकेतशब्द टंकित करता करता वेळ संपली तर अर्धवट टंकित अक्षरे पडद्यावर उघडी पडत, हा एक. कोणाच्या संकेतशब्दाने प्रवेश दिला याची नोंद विशिष्ट मांडणीत चुकीची होई, हा दुसरा. दोन्ही दोष तर्काचे होते. मेमरीची तपासणी करणारी भाषा अशा ठिकाणी मदत करू शकत नाही.

कोअरयुटिल्सचे प्रकरण निराळे आहे. या संचात मेमरीचे दोष अगदीच आढळले नाहीत असे नाही. मोठ्या फाइलीचे तुकडे करणाऱ्या ‘स्प्लिट’ या साधनातील असा एक दोष २०२४ मध्ये दूर करण्यात आला. मात्र तो दोष जुन्या भागातील नसून २०२३ मधील ९.२ या आवृत्तीत नव्याने शिरला होता, हे सूचक आहे. गूगलच्या अँड्रॉइड विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला अनुभव याच दिशेचा आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षादोषांत मेमरीच्या दोषांचा वाटा ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. आणि हे घडले ते प्रामुख्याने नवी संहिता सुरक्षित भाषांत लिहिल्यामुळे. जुनी संहिता सरसकट बदलावी लागली नाही. वापरात राहिलेल्या संहितेतील दोष काळानुसार सापडत आणि घटत जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मान्य केला, तर चाळीस वर्षे घासून गुळगुळीत झालेल्या साधनांच्या पुनर्लेखनाची निकड सुरक्षेच्या मुद्द्यावर बरीच दुबळी ठरते.

यूयुटिल्सचा आरंभ जॉर्डी बोगियानो यांनी २०१३ मध्ये, रस्टची स्थिर आवृत्ती येण्यापूर्वीच केला. २०२० पासून सिल्व्हेस्टर लेद्रू यांच्या पुढाकाराने त्याला वेग आला. ग्नूच्या चाचण्यांचा संच नव्या साधनांवर चालवून वर्तन ताडून पाहणे, ही त्यांची पद्धती होती. सहभागी लेखकांनी ग्नूची संहिता पाहून काही लिहू नये, असा या प्रकल्पाचा नियम आहे. ग्नूने युनिक्सविषयी केलेलाच नियम चार दशकांनी ग्नूच्या संदर्भात लागू व्हावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

संहिता न पाहता वर्तन शिकावयाचे तर हस्तपुस्तिका आणि चाचण्या हेच गुरू उरतात. चाचणीने जे विचारले नाही ते शिष्यालाही ठाऊक होत नाही. उबुंटू २५.१० प्रसिद्ध झाल्यावर त्याच महिन्यात हे उघड झाले. ‘डेट’ला ‘आर’ हा पर्याय देऊन एखाद्या फाइलीचे नाव सांगितले, तर त्या फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला ते तिने सांगावयाचे असते. नव्या ‘डेट’ने हा पर्याय निमूटपणे स्वीकारला, त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि चालू वेळ सांगितली. अद्ययावतीकरणाची वेळ झाली की नाही हे ठरविणारी स्वयंचलित आज्ञावली याच उत्तरावर विसंबून होती. ‘तपासणी आत्ताच झाली आहे’ असा तिचा समज झाला आणि काही संगणकांवर अद्ययावतीकरणाची आपोआप होणारी तपासणीच थांबली. वापरकर्त्याने स्वतः आज्ञा दिली तर काम होत होते, म्हणून बिघाड चटकन जाणवलाही नाही. सुरक्षेसाठी बदललेल्या साधनाने सुरक्षेच्या दुरुस्त्याच अडवाव्यात, यावर टीकाकार तुटून पडले. टीकेतील खरा मुद्दा असा की, ‘हा पर्याय मला कळत नाही’ असे ते साधन म्हणाले असते तर नुकसान झाले नसते. चूक दिसणे आणि चूक लपणे यांत मोठे अंतर आहे.

मराठीच्या दृष्टीने ‘सॉर्ट’चे उदाहरण लक्षणीय आहे. ग्नूची ‘सॉर्ट’ शब्दांचा क्रम लावताना सी भाषेच्या ग्रंथालयातील त्या त्या भाषेचे नियम विचारात घेते. रस्टमधील ‘सॉर्ट’मध्ये ही सोय दीर्घकाळ नव्हती, ती अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनुसार क्रम लावी. इंग्रजी मजकुरात यामुळे फारसे बिघडत नाही. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात मात्र ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. केवळ क्रमांकांवर विसंबून शब्दसूची लावली की ‘ळ’ची जागा चुकणारच. इंग्रजीत काम करणाऱ्या लेखकांच्या चाचण्यांतून अशी उणीव पुढे येणे कठीण असते. सोय नसल्याची जाणीव प्रकल्पाच्या लेखकांना होती हे खरे. पण ती अग्रक्रमात मागे राहिली हेही तितकेच खरे.

परवाना आणि सांभाळणारे हात

ग्नू संचाचा परवाना जीपीएल आहे, यूयुटिल्सचा एमआयटी. पहिला बदललेली संहिता वाटणाऱ्याने ती इतरांसही द्यावी असे म्हणतो. दुसऱ्याची अट लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर राखण्यापुरती आहे. उबुंटूच्या चालकांनी परवाना हा आपला हेतू नसून प्रणालीचा भक्कमपणा हा हेतू असल्याचे सांगितले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परिणाम मात्र हेतूवर अवलंबून नसतो. ज्या संचाचा जन्मच संहिता कोणालाही बंद करता येऊ नये या आग्रहातून झाला, त्याची जागा बंद करता येण्याजोग्या संचाने घेतली, एवढे तर वस्तुस्थिती म्हणून नोंदवावे लागेल. ‘टॉयबॉक्स’चा पूर्वेतिहास पाहता ही नोंद अनाठायी नाही. रस्टमध्ये लिहून जीपीएल परवाना देण्यास तांत्रिक आडकाठी कोणतीच नव्हती. म्हणून भाषा आणि परवाना हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत आणि त्यांची चर्चाही स्वतंत्रपणे व्हावयास हवी होती.

पुनर्लेखनाचा आणखी एक मार्ग ‘फिश’ या शेलने दाखविला. २०२३ मध्ये सुरू करून फेब्रुवारी २०२५ मधील ४.० या आवृत्तीपर्यंत तिच्या स्वतःच्याच लेखकांनी सी++ संहितेचा एकेक भाग काढून तेथे रस्टचा भाग बसविला. मधल्या काळात शेल अखंड चालत राहिली. संहिता न पाहण्याचे बंधन नव्हते, परवाना बदलावयाचा नव्हता आणि जुने ज्ञान घरातच होते. १९७३ च्या प्रसंगाशी याचे साम्य उघड आहे.

यंत्रांचाही प्रश्न आहे. सी भाषेचा संकलक बहुतेक प्रत्येक यंत्रासाठी उपलब्ध असतो, रस्टचा नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस डेबियन प्रकल्पात ‘एपीटी’ या स्थापना-साधनासाठी मे २०२६ पासून रस्ट अनिवार्य होईल, असे घोषित करण्यात आले. अल्फा, एम६८के यांसारख्या जुन्या यंत्रांसाठी हौसेने काम करणाऱ्यांना सहा महिन्यांत रस्टची व्यवस्था करावी, अन्यथा काम थांबवावे, असे सांगण्यात आले. सी भाषेने १९७३ नंतर जी वहनीयता युनिक्सला दिली होती, तिची कक्षा या निर्णयाने प्रथमच आकुंचित होऊ लागली.

उरतो तो सांभाळणाऱ्या हातांचा प्रश्न, आणि वस्तुतः तोच सर्वांत जड आहे. पुनर्लेखनाच्या बाजूने असे म्हटले जाते की, तरुण प्रोग्रामर आता सी कडे वळत नाहीत. साधने त्यांच्या भाषेत असतील तरच पुढील पिढी ती सांभाळील. हे म्हणणे विचारार्ह आहे आणि यूयुटिल्सला मिळालेल्या शेकडो सहभागी लेखकांनी त्याला आधारही दिला आहे. त्यांनी ग्नूच्या चाचण्यांतील पोकळ्या दाखविल्या, नव्या चाचण्या ग्नूकडे पाठविल्या आणि ग्नूच्या चालकांनी त्या स्वीकारल्या. या चाचण्या बहुतांशी शेल आणि पर्लमध्ये लिहिल्या जातात. त्यांना सीही लागत नाही आणि रस्टही लागत नाही.

‘सुडो’च्या बाबतीत चित्र इतके समाधानकारक नाही. टॉड मिलर यांनी १९९० च्या दशकापासून तीन दशके ती सांभाळली आणि ‘सुडो-आरएस’च्या लेखकांनाही मोकळेपणाने सल्ला दिला. नव्या लेखनासाठी मोठ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी निधी दिला. मिलर यांना मात्र मूळ ‘सुडो’च्या देखभालीसाठी प्रायोजक हवा असल्याची सूचना आपल्या संकेतस्थळावर लावावी लागली.